नाकाचं ऑपरेशन आणि त्यानंतरच्या सकाळी

चि. मनूस,


तुझ्या आईचा फोन आला, आणि तू मोबाइलवर पाठवलेला सीटी स्कॅनचा रिपोर्टही मी चष्मा पुसून दोनदा वाचला. दोन्ही बाजूंच्या सायनसमध्ये पॉलिप आहेत, डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवलंय, आणि तू म्हणतेस की शुक्रवारी उरकून टाकते आणि सोमवारी लॅपटॉप उघडते. बाळा, तू शहाणी आहेस, दुखणं अंगावर काढणारी नाहीस, डॉक्टरांशी खरं बोलणारी आहेस, त्यामुळे बाकी कशाचीच मला काळजी नाही. ते ‘उरकून टाकते’ तेवढं मनात अडकून राहिलं, आणि हे फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही म्हणून लिहायला बसले. तूही सावकाश वाच, एका बैठकीत नाही संपलं तरी चालेल.

मिरजेला कान-नाक-घशाच्या थिएटरमध्ये सिस्टर म्हणून माझी सगळी नोकरी गेली हे तुला माहीतच आहे. तेव्हा पॉलिप मी पुस्तकातल्यापेक्षा ट्रेमध्येच जास्त पाहिलेत. सोललेल्या द्राक्षासारखा फिकट राखाडी, ओलसर गोळा, चिमट्यात धरला तर मऊ. आणि गंमत अशी की नाकात असताना त्याला सळईचं टोक लावलं तरी पेशंटला सहसा काही कळत नाही. लोक ‘नाकात मांस वाढलंय’ म्हणतात, पण ते मांस नव्हे. नाकाच्या आणि सायनसच्या आतलं जे नाजूक अस्तर असतं, तेच महिनोन्‌महिने सुजत राहतं, त्यात पाणी भरतं आणि ते लोंबायला लागतं. बहुतेकदा डोळ्यांच्या मधल्या, जाळीसारख्या बारीक पोकळ्यांपासून त्याची सुरुवात होते. नाक चोंदणं, वास न येणं, चेहरा जड होणं, मागे घशात शेंबूड उतरत राहणं असा त्रास बारा आठवड्यांच्या वर टिकला की डॉक्टर त्याला जुनाट सायनुसायटिस म्हणतात, आणि तुझं तर वर्ष होऊन गेलंय. दिवाळीत तू मला वाढलेली आमटी करपली होती आणि तुला ते कळलंच नव्हतं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. (आमटी मी सगळी संपवली, ती गोष्ट वेगळी. अन्न टाकायचं नाही ही आपल्या घरची रीत.)

तू काही चुकीचं खाल्लंस, पंख्याखाली झोपलीस, दही खाल्लंस म्हणून हे झालं असं कुणी म्हणालं तर हसून सोडून दे. हा दाह शरीराच्या आतून उठतो. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्या अस्तरात गर्दी करतात, आणि दमा असलेल्यांमध्ये हा आजार जास्त दिसतो. म्हणून एक प्रश्न तुला आत्ताच विचारते, आणि त्याचं उत्तर डॉक्टरांनाही सांग: डोकेदुखीची किंवा पाळीच्या दुखण्याची गोळी घेतल्यावर तुला कधी दम लागलाय का, छाती आवळल्यासारखी झालीय का, नाक एकदम बंद झालंय का? पॉलिप, दमा आणि ॲस्पिरिनच्या जातीच्या गोळ्या न सोसणं असं त्रिकूट काही जणांत असतं, आणि त्यांचे पॉलिप फार चिवट, पुन्हापुन्हा येणारे असतात. डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण होऊन सांगायचं, त्यात भीड कसली?

आता ऑपरेशनचं. तुला वाटत असेल की पॉलिप म्हणजे नको असलेली गोष्ट, ती काढली की संपलं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला सगळ्यांना तसंच वाटायचं. पेशंटला खुर्चीत बसवून, बधिर करायच्या औषधात भिजवलेल्या गॉजच्या पट्ट्या नाकात भरून, तारेच्या फासात पॉलिप धरून ओढून काढायचे. पेशंट त्याच दिवशी मोकळा श्वास घेत घरी जायचा, बायकामुलांचे चेहरे उजळायचे. आणि वर्ष-दोन वर्षांत तीच माणसं पुन्हा त्याच बाकावर बसलेली दिसायची. एक गूळ-व्यापारी तर इतक्या वेळा आले की त्यांच्या घरची लग्नं-मुंजी आम्हाला त्यांच्या तोंडून कळायच्या. ते गोळे काढले जात होते, पण जिथून ते उगवत होते त्या पोकळ्या बंदच राहत होत्या.

दुसरी जुनी शस्त्रक्रिया गालाच्या सायनसची. न्यूयॉर्कचे कॉल्डवेल आणि पॅरिसचे ल्यूक या दोन डॉक्टरांनी १८९०च्या दशकात ती वेगवेगळी मांडली. वरचा ओठ उचलून, सुळ्याच्या वर हिरडीत छेद घेऊन, गालाच्या हाडाला खिडकी पाडून आतलं अस्तर खरवडायचं, आणि घाण खाली वाहून जावी म्हणून नाकात खालच्या बाजूला दुसरं भोक पाडायचं. पेशंटचा गाल सुजून टम्म व्हायचा, ओठ कित्येक महिने बधिर राहायचा. पुढे ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात मेसरक्लिंगर नावाच्या डॉक्टरांनी बारीक दुर्बिणीतून वर्षानुवर्षं नाकाच्या आत पाहिलं, आणि त्यांना दिसलं की सायनसमधला शेंबूड उतारावरून वाहतच नाही. अस्तरावरचे सूक्ष्म केस तो ठरलेल्या वाटेनं, गालाच्या सायनसमध्ये तर चक्क वर चढवत, मूळच्या नैसर्गिक दाराकडेच नेतात. खाली कितीही मोठं भोक पाडा, शेंबूड त्याला वळसा घालून आपल्या जुन्या दाराकडेच जातो. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा त्या दिवशी मी दुसरं काही बोललेच नाही. किती गाल आम्ही फोडले होते त्या चुकीच्या समजावर, आणि तो समज तेव्हा साऱ्या जगाचाच होता.

तेव्हापासून शस्त्रक्रियेची दिशाच बदलली. तिथलेच स्टॅमबर्गर आणि अमेरिकेतले डेव्हिड केनेडी यांनी १९८५च्या सुमारापासून ती जगभर शिकवली. तिचं नाव फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी. तुझ्या रिपोर्टखाली डॉक्टरांनी ‘फेस’ लिहिलंय ते हेच. बाहेर कुठे छेद नाही, टाका नाही. नाकपुडीतून दुर्बीण घालायची, पॉलिप काढायचे, त्या जाळीतल्या बारीक भिंती उघडायच्या, आणि गालाच्या, कपाळाच्या, मागच्या सायनसची मूळची दारं रुंद करायची. हल्ली मायक्रोडिब्रायडर नावाचं अवजार असतं, ते पॉलिप आत ओढून घेत कापतं आणि त्याच नळीतून शोषतं, त्यामुळे चांगलं अस्तर सोलवटत नाही. जपायचं असतं ते अस्तरच.

पर्याय तसे बरेच आहेत. कुणी नुसते पॉलिप काढतात, पण तुझ्या वयात आणि एवढ्या पसरलेल्या आजारात मला ते पटत नाही, कारण त्या व्यापाऱ्यांचा बाक मला आठवतो. ज्यांच्या सगळ्याच सायनस भरलेल्या असतात त्यांच्या सगळ्या उघडतात, आणि वारंवार परत येणाऱ्यांना आणखी मोठी शस्त्रक्रिया लागते, तीत कपाळातल्या दोन्ही सायनसची मिळून एकच रुंद वाट करतात. ती पहिल्या वेळेला सहसा नाही. नाकाचा मधला पडदा वाकडा असेल आणि त्यामुळे दुर्बीण किंवा पुढे औषध आत जात नसेल, तर तोही त्याच भुलीत सरळ करतात. फुग्यानं सायनस उघडायच्या जाहिराती तू पाहिल्या असशील. त्यात हाडाची वाट फुग्यानं रुंद होते, पण पॉलिप तिथेच राहतात आणि मधली जाळीही उघडत नाही, म्हणून तुझ्यासाठी तो पर्याय नाही. पैसे वाचतील म्हणून किंवा ‘कापाकापी नको’ म्हणून त्याच्या मागे लागू नकोस.

आता मुद्द्याची गोष्ट. एवढं सगळं ऑपरेशन कशासाठी करायचं? तर औषध आत पोचावं म्हणून. चोंदलेल्या नाकात मारलेला स्प्रे पुढच्या पॉलिपवर आपटून बाहेर येतो, मागे जातच नाही. दारं उघडली की मिठाचं पाणी आणि स्टिरॉइडचा स्प्रे थेट त्या सुजलेल्या अस्तरापर्यंत पोचतो, आणि पुढची कित्येक वर्षं आजाराला आवर घालतो तो स्प्रेच. म्हणून शुक्रवारी ‘उरकतं’ असं काही नाही गं, शुक्रवारी फक्त वाट मोकळी होते.

आधी मला एक सांग, स्प्रे तू रोज घेतेस की आठवेल तेव्हा? रागावत नाही, नोकरीच्या धावपळीत राहतं. पण सहा-आठ आठवडे रोज, न चुकता, नीट पद्धतीनं घेतल्याशिवाय त्याचा गुण कळत नाही. मान किंचित पुढे वाकवायची, उजव्या नाकपुडीला डावा हात आणि डावीला उजवा, टोक मधल्या पडद्याकडे न धरता डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे धरायचं, आणि दाबल्यावर जोरानं आत ओढायचं नाही, नाहीतर सगळं घशात जातं. नाक झटकन मोकळं करणारे ते दुकानातले थेंब मात्र आठवड्याच्या वर घालू नकोस, त्यांनी पुढे नाक जास्तच बंद होतं. वाफ घेतलीस, ओव्याची पुरचुंडी हुंगलीस तर बरं वाटेल, घे खुशाल, पण त्यानं पॉलिप विरत नाहीत. आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांनी वास आठवडाभरात परत आला म्हणून त्या मनानं पुन्हा घेऊ नकोस. वारंवार घेतल्या तर हाडं, साखर, डोळे सगळ्यावर परिणाम होतो.

नेदरलँड्समध्ये पॉलिपच्या २३८ रुग्णांवर एक अभ्यास झाला, २०२२ साली छापून आला. निम्म्यांना ऑपरेशन आणि औषधं, निम्म्यांना नुसती औषधं. वर्षानंतर ऑपरेशनवाले अधिक बरे होते, पण सरासरीनं तो फरक लहानच निघाला. याचा अर्थ तू ऑपरेशन टाळावंस असा मी काढत नाही. औषधं नीट घेऊनही ज्यांची झोप मोडते, दमा उसळतो, वास येत नाही, त्यांनी वर्षानुवर्षं वाट पाहत बसण्यात काही शहाणपण नाही. धीर धरणं वेगळं आणि चालढकल वेगळी. पण दोन महिने मनापासून औषध घेऊन, मग डॉक्टरांसमोर बसून ठरवलंस तर तो निर्णय तुझा असेल, कॅलेंडरमधल्या मोकळ्या शनिवार-रविवारचा नसेल.

थिएटरमध्ये काय होतं तेही सांगते, म्हणजे भीती राहणार नाही. पूर्ण भूल देतात, तुला काही कळणार नाही. डोक्याची बाजू थोडी उंच ठेवतात आणि रक्तदाब जरा कमी राखतात, म्हणजे रक्त कमी येऊन दुर्बिणीत स्वच्छ दिसतं. सगळं अंग हिरव्या चादरीखाली असतं, पण डोळे मात्र मुद्दाम चादरीबाहेर ठेवतात. सायनस आणि डोळा यांच्यामध्ये कागदाइतकं पातळ हाड असतं. ते काम चालू असताना सर्जन मला म्हणायचे, “सिस्टर, डोळा,” आणि मी मिटलेल्या पापणीवरून बुबुळ बोटानं हलकेच दाबायचे, ते पडद्यावर पाहायचे की आत काही हलतंय का. माझ्या नोकरीतलं सगळ्यात नाजूक काम मला तेच वाटायचं, बोटाखाली कुणाच्या तरी लेकराचा डोळा असायचा. वरच्या बाजूला तसंच पातळ हाड मेंदूच्या तळाशी असतं. गंभीर इजा फार क्वचित होते, पण होऊ शकते, आणि म्हणूनच तुझ्या स्कॅनचे फोटो त्या दिवशी सर्जनच्या समोर लावलेले असतात. डॉक्टरांना विचार की अशी ऑपरेशनं ते नेहमी करतात का. चांगला सर्जन या प्रश्नानं रागावत नाही. काढलेलं सगळं तपासणीला पाठवायला सांग आणि तो रिपोर्ट फाइलला लाव. तुझा आजार दोन्ही बाजूंना आहे. एकाच बाजूला पॉलिप दिसला असता तर तो वेगळ्या जातीचा नाही ना हे आधी पाहिलं असतं.

आणि मग त्यानंतरचे दिवस, ज्यांचा तू हिशेबच धरलेला नाहीस. आठवडाभर तरी सुट्टी घे. नाक जड राहील, लालसर पाणी येईल, खपल्या धरतील. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, वाकून जड उचलायचं नाही, कडकडीत पाण्यानं आंघोळ नाही. गावी यायला विमान काढणार असशील तर आधी डॉक्टरांना विचार. खपल्या साफ करायला ते पुन्हापुन्हा बोलावतील, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून एकही फेरी चुकवू नकोस, कारण त्या राहिल्या तर आत अस्तर एकमेकाला चिकटतं आणि उघडलेलं दार परत बंद होतं. ताजं लाल रक्त थांबेना, डोळा सुजला, एकाचे दोन दिसायला लागले, दिसणं कमी झालं, खाली वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं स्वच्छ खारट थेंब-थेंब गळायला लागलं, किंवा ताप येऊन मान आखडली, तर रात्र असो की पहाट, तडक हॉस्पिटल गाठायचं. सकाळी बघू म्हणायचं नाही.

डॉक्टर सांगतील तेव्हापासून रोज सकाळी नाक धुवायचं. इथे मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे गं, अर्धा तास लवकर उठ. रात्रीच पाणी पाच मिनिटं खळखळ उकळून, झाकून गार करून ठेव, सकाळी कोमट करून घे. तयार पुड्या मिळतात मीठ-सोड्याच्या, त्या वापर, म्हणजे प्रमाण चुकत नाही. नळाचं पाणी तसंच कधीही नको. अमेरिकेत लुइझियानामध्ये २०११ साली नळाच्या पाण्यानं नेती केल्यामुळे अमिबा मेंदूत जाऊन दोन माणसं दगावली होती. बाटली रोज धुवून उपडी ठेव. वाकून, तोंड उघडं ठेवून, एका नाकपुडीतून सावकाश पिळायचं, दुसरीतून येऊ द्यायचं. घाईनं पिळलंस तर कानात जाईल. मग थोडं थांबून स्प्रे. हे सगळं झाल्यावर चहा. तुझे आजोबा इतकी वर्षं पहाटे उठून नेती करायचे, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या अर्ध्या तासात ते कुणाशी बोलायचे नाहीत. मला वाटतं तो शांतपणाच त्यांना जास्त आवडायचा.

पॉलिप परत येतील का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असेलच. येऊ शकतात. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठानं ऑपरेशन झालेल्या ३८ जणांना बारा वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा त्यांतल्या ३० जणांत पॉलिप कमी-अधिक परत आलेले होते, आणि १४ जणांना पुन्हा ऑपरेशन करावं लागलं होतं. हे वाचून खचू नकोस, कारण त्याच माणसांचा त्रास बारा वर्षांनीही पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी होता. मधुमेह आणि दमा आपण जसे सांभाळतो तसाच हाही सांभाळायचा आजार आहे. आणि आता नवी इंजेक्शनं आली आहेत. डुपिलुमॅब हे २०१९ साली अमेरिकेत आणि युरोपात खास नाकाच्या पॉलिपसाठी मान्य झालं, पाठोपाठ ओमॅलिझुमॅब आणि मेपोलिझुमॅब. दाहाला मुळाशीच रोखतात म्हणे, आणि वासही पुष्कळांना परत येतो. पण महाग फार, दर दोन-चार आठवड्यांनी घ्यायची, आणि थांबवली की बऱ्याच जणांचा आजार डोकं वर काढतो. ऑपरेशन आणि स्प्रेनं आटोक्यात न येणाऱ्यांसाठी ती आहेत हे माहीत असू दे, आज त्यांच्या मागे धावायची गरज नाही.

वास परत येईल की नाही, याची हमी मी देणार नाही, कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नकोस. बऱ्याच जणांना येतो, कधी लवकर, कधी हळूहळू. तोवर घरात गॅस गळतीचा अलार्म बसवून घे, तू एकटी राहतेस आणि गॅस सुटला तर तुला कळणार नाही. फ्रिजमधल्या डब्यांवर तारीख लिहून ठेव. अलार्मचा खर्च मात्र करच.

खर्चाचंही बोलते, कारण तुझ्या पिढीला पैशाचं मोकळेपणानं विचारायला उगीच संकोच वाटतो. विमा कॅशलेस आहे का, आधी मंजुरी लागते का, जुन्या आजाराची अट आडवी येते का, हे तारीख घेण्याआधी लेखी विचार. थोडे पैसे पुढच्या वर्षभराच्या स्प्रेसाठी आणि दुर्बिणीच्या तपासण्यांसाठी बाजूला काढून ठेव. खोली साधी घेतलीस तरी चालेल, तपासणी चुकवलेली चालणार नाही.

तारीख ठरली की आधी मला कळव. मी दोन दिवस अगोदर येईन आणि पंधरा दिवस राहीन, तुझ्या आईला रजा मिळत नाही हे मला माहीत आहे. येताना मेतकूट आणते, मऊ भातावर पहिले दिवस तेच बरं. स्कॅनच्या रिपोर्टबरोबर सीडीही जपून ठेव, नुसता कागद सर्जनला उपयोगाचा नाही. आणि तुझी ती मागची दाढ हलतेय म्हणालीस ना, ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायला विसरायचं नाही.

तुझी,
आजी